पिवळ्या चौकटीतली टीप

१

मंगळवारी एकवीस एजंटांनी एकसारखी चूक केली. बुधवारी सकाळी ती उघडकीला आली, आणि गुरुवार उजाडेपर्यंत ती कुणाच्या गळ्यात बांधायची तेही जवळजवळ ठरलं होतं. गळा व्हर्ना लुडेकेचा होता.

आयरीन टेस्लिक नेमकी त्याच गुरुवारी ग्लेन ट्वेटच्या कंपनीत पोचली. वय चौसष्ट, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र धारदार. तिने तीस वर्षं आयोवातल्या मक्याच्या शेतांत गारपिटीचे पंचनामे केले होते. निवृत्त झाल्यावर विद्यापीठाजवळच्या एका संस्थेने तिला वेगळंच काम दिलं. संगणकातल्या एजंटांसाठी लिहिलेल्या माहितीपुस्तिका वाचायच्या आणि त्यांना शंभरपैकी गुण द्यायचे. ओळखीपाळखीचे लोक हसले. आयरीन म्हणाली, "शेत काय नि पुस्तिका काय, रस्त्यावरून हिरवं दिसतं म्हणून सही करायची नसते. आत शिरून बघावं लागतं."

एजंट म्हणजे हाडामांसाची माणसं नव्हेत. काम सांगितलं की पुस्तिका वाचून, स्वतःच ठरवून ते काम उरकून टाकणारे संगणकातले मदतनीस. अमुक गोष्ट घडेल की नाही यावर लोक जिथे पैसे लावतात, त्या अंदाजबाजाराचा अभ्यास करायला ग्लेनने त्यांच्यासाठी 'बेलवेदर' नावाचं साधन बनवलं होतं. शेतकऱ्यांच्या एका सहकारी संस्थेचे एकवीस एजंट ते वापरत. आणि 'बेलवेदर' कसं वापरायचं, याची एकशे बारा पानांची पुस्तिका व्हर्नाने एकटीने लिहिली होती.

"झालं काय नेमकं?" खुर्चीत टेकत आयरीनने विचारलं.

ग्लेन अडतीस वर्षांचा, आडव्या बांध्याचा आणि लोण्यासारखा मऊ माणूस होता. वाईट बातमी सांगताना तो स्वतःच माफी मागितल्यासारखा बोलायचा. "प्रश्न साधा होता हो. मंगळवारी दे मॉइन शहराचं तापमान पासष्ट फॅरनहाइटच्या वर जाईल का? सोमवारची रात्र उबदार होती. बारा वाजून चाळीस मिनिटांनी पारा अडुसष्टवर. एजंट म्हणाले, मंगळवार लागला, पासष्ट कधीच ओलांडलं, लावा 'हो'वर. मग गार वारा सुटला, आणि उरलेला दिवसभर पारा सत्तावन्नच्या वर काही सरकला नाही."

"पण ओलांडलं ते ओलांडलं ना?"

"नाही ना. हवामान केंद्र आपल्यासारखं मार्चमध्ये घड्याळ तासभर पुढे करत नाही. त्यांचा मंगळवार आपल्या रात्री एक वाजता सुरू होतो. ते अडुसष्ट त्यांच्या सोमवारात गेले. ही गोष्ट पुस्तिकेत लिहायला हवी होती, आणि..." ग्लेनने खिडकीबाहेर पाहिलं. "आणि ती पुस्तिकेत कधी नव्हतीच. मी पानन् पान तीनदा वाचलंय. एक वाजता सहकारी संस्थेचा फोन येणार. चूक कोणाची ते त्यांना हवंय. लेखक बदलतो म्हटलं, तर राहतील ते आपल्याकडे."

"व्हर्नाला सांगितलंस?"

"मिसेस लुडेकेंना? मी कसं सांगणार! चर्चच्या रविवारच्या शाळेत त्यांनीच शिकवलंय मला. म्हटलं, तुमचा अहवाल येईल, मग त्यातच..."

म्हणजे माझ्या खांद्यावर बंदूक, आयरीन मनात म्हणाली. तिने नजर फिरवली. भिंतीवर रंगीत कागदी पट्टी होती: 'पुस्तिकेला ९४ गुण! शाब्बास!'

"हे गुण कोणी दिले?"

"आमचा तपासणीचा प्रोग्राम देतो, दर आठवड्याला. मार्चपर्यंत एकाहत्तरवर अडकलो होतो. एप्रिलपासून थेट चौऱ्याण्णव." ग्लेनचा चेहरा क्षणभर उजळला. "मिसेस लुडेकेंनी मेहनत घेतली."

कोपऱ्यात एका मोठ्या कुंडीत फायकसचं झाड कसंबसं तग धरून होतं. पानांची टोकं तपकिरी करपलेली, मातीवर पांढुरका थर.

"पाणी कमी पडतंय वाटतं?"

"छे, जास्तच घालतो," ग्लेन म्हणाला आणि घाईने तिच्यासाठी कॉफी आणायला उठला.

आयरीनने तपासायला आलेली एजंटांची प्रत उघडली. चाळिसावं पान, 'दिवस कसा मोजावा'. नीटनेटकं, मुद्देसूद पान होतं. हवामान केंद्राच्या घड्याळाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

२

"लिहिलं होतं मी," व्हर्ना म्हणाली.

एकसष्ट वर्षांची व्हर्ना खिडकीजवळच्या टेबलाशी ताठ बसली होती. शेजारी रूबार्बच्या, म्हणजे एका आंबट देठांच्या भाजीच्या, गोड वड्यांनी भरलेलं ताट. दर गुरुवारी सगळे घरून काही ना काही आणत आणि एकत्र जेवत, त्यासाठी. तिला कुणी काही बोललं नव्हतं, पण कालपासून सगळेच तिच्याशी इतके गोड वागत होते, की तिला काय ते कळून चुकलं होतं.

"अगं, पण चाळिसाव्या पानावर नाहीये ते," आयरीन म्हणाली.

"आहे. हे बघ."

व्हर्नाने पडद्यावर माणसांसाठीच्या प्रतीतलं पान उघडलं. तळाला पिवळी चौकट होती. वरच्या अर्ध्या भागात रूबार्बच्या वड्यांची पाककृती, मग एक जाड रेघ, आणि रेघेखाली टीप: 'केंद्राचं घड्याळ उन्हाळ्यात पुढे जात नाही. आपलं घड्याळ पुढे असेल तेव्हा केंद्राचा दिवस एक ते एक धरा.'

आयरीनने चष्मा वर केला. "वड्यांचं काय काम इथे?"

"तेच तर खरं काम," व्हर्ना पहिल्यांदाच हसली. "बावीस वर्षं बियाण्यांची सूचिपत्रकं लिहिली मी. 'सावधान' म्हटलं की शेतकरी पान उलटतो गं. पण पाककृती दिली की पान कापून ठेवतो, आणि खालची सूचना आपोआप त्याच्या घरी जाते. एकशे बारा पानं, एकशे बारा चौकटी. सगळ्यात महत्त्वाचं ते मी पिवळ्यातच घालते."

मागून कुणीतरी खाकरलं. ग्लेन कॉफीचे कप घेऊन उभा होता. तो कसंनुसं म्हणाला, "फक्त एवढंच आहे, मिसेस लुडेके, की हे पान शेवटचं जतन केलंय बुधवारी अकरा वाजता. म्हणजे चूक कळल्यावर. आणि जुन्या प्रती आपण ठेवत नाही."

"ताजं रूबार्ब मिळायला लागलं, म्हणून 'गोठवलेलं' खोडून 'ताजं' केलं मी! दुसरं काही नाही."

"हो हो. असेल ना तसंच," ग्लेन म्हणाला.

आयोवात 'तू खोटं बोलतेस' असं तोंडावर कुणी म्हणत नाही. 'असेल ना तसंच' म्हणतात, आणि तेवढ्यात माणसाची पत जाते. व्हर्नाने वड्यांच्या ताटावरचं फडकं विनाकारण सरळ केलं.

"मी सहा वर्षं घातलीत या पुस्तिकेत," ती हळूच आयरीनला म्हणाली. "काम गेलं तर जाऊ दे बाई. पण जाताना खोटारडी म्हणून नाही जायचं मला."

घड्याळात साडेदहा झाले होते.

३

गारपिटीच्या पंचनाम्यात आयरीनचा एकच नियम असायचा: आधी मक्याची ताटं कुठल्या बाजूला वाकलीत ते बघायचं, गारा कुठून आल्या ते मग आपोआप कळतं. एजंटांची प्रत रोज सकाळी माणसांच्या प्रतीवरून आपोआप तयार होते. म्हणजे काल जतन झालेली टीप आज सकाळच्या प्रतीत तरी यायलाच हवी होती. प्रत कशी तयार करायची त्या सूचनांच्या यादीला हात लावू शकणारे तिघंच होते: ग्लेन, प्रोग्रामर कोरी हॅग्लंड, आणि एजंटांवर लक्ष ठेवणारी टॅमी ब्रंक. तिघांचा पासवर्डही एकच. कुणी काय केलं त्याचा पत्ता नाही.

"एकच पासवर्ड?" आयरीनने कोरीला विचारलं. "चोराला घरची किल्ली दिल्यासारखंच झालं की."

"वेगवेगळे ठेवले तर एकमेकांवर विश्वास नाही असं दिसलं असतं," कोरी म्हणाला. उंच, लाजाळू पोरगा. बोलताना बुटांकडे बघायचा.

"व्हर्नाने ती टीप आधी लिहिली होती का रे?"

"केंद्राच्या घड्याळाचं तिला मीच सांगितलं होतं. माझे बाबा गावाकडे रोजचं तापमान टिपायचे. पण तिने ते लिहिलं कधी, ते कसं सांगू? मी पुस्तिका थोडीच वाचतो! चौकट तेवढी बनवून दिली."

"पिवळी?"

"हो. तिला पाककृती आणि सूचना वेगळ्या दिसायला हव्या होत्या. मधली जाड रेघ माझीच."

आयरीनने वहीत एक खूण केली. "वड्या आवडतात तुला तिच्या?"

कोरीचे कान लाल झाले. "बाहेर झाडावरच्या खारींना फार आवडतात," तो म्हणाला, आणि मग जीभ चावली. "म्हणजे, मलाही. छान असतात."

टॅमी ब्रंक मात्र काहीच बोलेना. पन्नाशीची, हसरी, एरवी अखंड बडबडणारी ही बाई आज प्रत्येक प्रश्नाला 'काय माहीत' म्हणत होती. चोराच्या मनात चांदणं, आयरीनला वाटलं. ती दार उघडून बाहेर गाड्यांपाशी आली, तर मागून धावत पावलं आली.

"आयरीन, थांबा," टॅमी धापा टाकत म्हणाली. "व्हर्ना खरं बोलतेय. माझ्याकडे पुरावा आहे."

"मग आत का नाही बोललीस, बाई?"

"कारण तो दाखवला," टॅमीचे डोळे भरून आले, "तर व्हर्नाला फार वाईट वाटेल."

४

पुरावा टॅमीच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली होता. घर दोनच गल्ल्यांपलीकडे. चाळिसाव्या पानाची छापलेली पिवळी चौकट, पिठाच्या बोटांनी मळलेली. कोपऱ्यात छापल्याची तारीख होती, गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली. जाड रेघेखाली केंद्राच्या घड्याळाची टीप जशीच्या तशी.

"मग यात वाईट वाटण्यासारखं काय आहे?"

टॅमीने बोट ठेवलं. पाककृतीत छापलं होतं, 'मीठ दोन मोठे चमचे'. त्यावर पेन्सिलीने काट मारून लिहिलं होतं, 'चिमूटभर. देवा!'

"तिने लिहितानाच चूक केलीय, आणि आता ती स्वतः याच पाककृतीवरून वड्या करते," टॅमी म्हणाली. "चार वर्षं. साखरेचा त्रास आहे ना तिला, म्हणून चव बघत नाही. आणि इतक्या प्रेमाने आणते..."

"आणि चार वर्षांत तिला कुणी सांगितलं नाही?"

"कसं सांगणार!" टॅमी इतक्या मनापासून म्हणाली, की आयरीनला हसावं का रडावं कळेना. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही.

कागद पर्समध्ये टाकून ती परतली आणि दोन्ही प्रती शेजारी शेजारी उघडून बसली. पान एक: माणसांच्या प्रतीत चौकट, एजंटांच्या प्रतीत नाही. पान दोन: तेच. पान तीन, पान दहा, पान पन्नास. चोरी एकट्या चाळिसाव्या पानाची नव्हतीच. एकशे बाराच्या एकशे बारा चौकटी कुणीतरी गाळल्या होत्या. तयार करण्याच्या यादीत एक ओळ होती, 'पिवळं वगळा'. तारीख अठ्ठावीस मार्च.

मग तिने एजंटांच्या शेऱ्यांचं दप्तर काढलं. पुस्तिका वापरली की प्रत्येक एजंट तिच्यावर शेरा लिहायचा, आणि शेरे ओळीने नोंदवले जायचे. दोनशे तेरा होता. दोनशे पंधरा होता. दोनशे चौदा नव्हता.

"टॅमी, हे शेरे आधी कोणाकडे जातात?"

टॅमीने सांगितलं. आयरीनने वही मिटली आणि घड्याळ पाहिलं. बारा वाजले होते. चिलीचा, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्शाचा, खमंग वास येत होता.

५

टेबलावर चिलीचं मोठं पातेलं होतं, सोबत दालचिनीचे रोल, इथल्या रीतीप्रमाणे. एका ताटलीत टॅमीने आणलेल्या शेंगदाण्याच्या लोण्याच्या वड्यांतली शेवटची उरली होती. ती कोणी घेईना. कोरीने अर्धी कापून घेतली, मग टॅमीने अर्ध्याची अर्धी, आणि आता बोटाच्या पेराएवढा तुकडा ताटलीत पडून होता. शेवटचा तुकडा उचलणारा इथे हावरट ठरतो. व्हर्नाच्या रूबार्बच्या वड्या मात्र प्रत्येकाच्या ताटात एकेक होत्या, आणि कुणीच त्यांना हात लावला नव्हता.

"मला थोडं बोलायचंय," आयरीन म्हणाली. "फोन यायला पाऊण तास आहे. माझं दहा मिनिटांत आटपेल."

तिने टॅमीचा कागद टेबलावर ठेवला, पेन्सिलीच्या अक्षरांवर अंगठा दाबून. "ही टीप व्हर्नाने वर्षापूर्वीच लिहिली होती. तारीख बघा. ती खोटं बोललेली नाही."

व्हर्नाने डोळे मिटून श्वास सोडला. ग्लेन खुर्चीतून अर्धा उठला. "पण मग एजंटांना का नाही दिसली?"

"कारण त्यांच्या प्रतीतून सगळ्या पिवळ्या चौकटी गाळल्यात. हे करणाऱ्याला वाटलं, पिवळ्यात नुसत्या पाककृतीच असतात. म्हणजे रेघेखालचं त्याने कधी वाचलंच नाही. कोरी नव्हे, ती रेघ त्यानेच आखलीय. टॅमी नव्हे, तिच्या फ्रिजवर रेघेखालचं वर्षभर लटकतंय. उरला तो, ज्याने पुस्तिका पानन् पान तीनदा वाचली, आणि तरी म्हणाला की अशी टीप कधी नव्हतीच."

ग्लेनचा चेहरा पांढरा पडला. "ती ओळ... म्हणजे मी..." त्याला खरोखरच आत्ता उमगत होतं, हे आयरीनला दिसलं. "त्या ओळीमुळेच?"

"तिच्यामुळेच रे बाबा. का केलंस, ते मी सांगू की तू सांगतोस?"

आयरीननेच पुढे रेटलं. "मार्चमध्ये एका एजंटाने शेरा लिहिला, दोनशे चौदावा. तो तुझ्याकडे आला आणि तू पुसून टाकलास. कोणाला तरी लागेल असं काहीतरी त्यात होतं. आणि कोपऱ्यातलं तुझं झाड. टोकं करपलेली, मातीवर पांढरा थर. तीस वर्षं मी पानं बघितलीत, ग्लेन. पाणी कमी पडून पान असं करपत नाही. मीठ लागलं की करपतं."

व्हर्ना गोंधळून एकाकडून दुसऱ्याकडे बघत होती. "मीठ? कुठलं मीठ? कुणीतरी सांगाल का मला?"

कोरी बुटांकडे बघत होता, टॅमी छताकडे. आयरीनने ओठ घट्ट मिटले. हे तिने सांगायचं नव्हतं.

"मिसेस लुडेके," ग्लेन अखेर म्हणाला. आवाज रविवारच्या शाळेतल्या पोरासारखा झाला होता. "तुमच्या वड्या खारट असतात."

ग्लेनने आपल्या ताटातली वडी दूर सारली.

"फार खारट. एजंटाने लिहिलं होतं, 'तापमानाशी या पाककृतीचा संबंध कळला नाही. आणि मीठ दहापट जास्त वाटतं.' गुणही त्यामुळेच कमी पडायचे. मला तुम्हाला सांगता येईना. म्हटलं, एजंटांच्या प्रतीतून गुपचूप काढून टाकू, तुम्हाला कळणारही नाही. आणि मग तीच टीप नाही म्हणून तुम्हालाच काढायला निघालो. मी माणूस आहे की कोण! चुकलो मी, मिसेस लुडेके. सपशेल चुकलो."

व्हर्नाने आपल्या ताटातली वडी उचलली, टोक मोडलं, आणि साखरेचा त्रास विसरून तोंडात टाकलं. तिचे डोळे विस्फारले. तिने कागदी रुमालात ते थुंकून टाकलं.

"चार वर्षं?" ती म्हणाली. "आणि तू दर गुरुवारी दोन-दोन मागून घ्यायचास!"

"खायचो एकच. एक कुंडीत."

"म्हणून ते झाड मेलं होय, मेल्या!" आणि व्हर्ना हसायला लागली. आधी खांदे हलले, मग टेबल. टॅमी हसत हसत रडायला लागली. आपण वड्या खारींना घालतो हे कोरीने कबूल करून टाकलं, त्यावर तर व्हर्नाला ठसका लागला.

"इतक्या जणांत खरं बोलला तो एकटा एजंट," डोळे पुसत ती म्हणाली. "आणि त्याचाच शेरा तू पुसलास, गाढवा."

एक वाजता फोन वाजला. ग्लेनने सगळ्यांदेखत उचलला. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "लेखिकेने बरोबर लिहिलं होतं, मी न वाचता गाळलं." पलीकडचा माणूस बराच वेळ बोलला. ग्लेन 'हो' म्हणत राहिला, आणि फोन ठेवून म्हणाला, "राहतायत. म्हणाले, स्वतःची चूक अशी सरळ सांगणारा माणूस या धंद्यात पहिल्यांदाच भेटला."

आयरीनने अहवालात लिहिलं: माणसांच्या प्रतीला नव्वद, एजंटांच्या प्रतीला चाळीस, आणि भिंतीवरची पट्टी काढावी.

पुढच्या गुरुवारी ती फेरतपासणीला गेली. व्हर्नाने टिपा चौकटीतून उचलून एजंटांसाठी पानाच्या माथ्यावर आणल्या होत्या. पाककृती माणसांच्या प्रतीत होत्या तिथेच होत्या. पहिल्या पानावर एक नवी ओळ होती: 'काही चुकलं असेल तर सरळ सांगा. राग येणार नाही.' ग्लेनच्या खोलीत नवी कुंडी होती.

जेवणाच्या टेबलावर रूबार्बच्या वड्यांचं ताट आलं. चिमूटभर मिठाच्या. कुणी काही बोललं नाही. कौतुकावर आता व्हर्नाचा विश्वास बसणार नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती हाताची घडी घालून नुसती बघत बसली. ताट रिकामं होत गेलं, आणि रीतीप्रमाणे एक वडी उरली. कोरीने सुरी घेतली, अर्धी करायला.

"थांब," ग्लेन म्हणाला. त्याने हात लांब केला आणि ती अख्खी वडी उचलून तोंडात कोंबली.

कोरीची सुरी हवेतच राहिली. टॅमीने 'अगंबाई' म्हणून तोंडावर हात ठेवला. गाल फुगलेल्या, लालबुंद झालेल्या ग्लेनकडे व्हर्ना बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पुढच्या वेळी दोन ताटं आणते," ती म्हणाली.